निरोगी पायातला हिरवा रंग

सोमवार, ७ सप्टेंबर

आज परवानगी आली. यंत्रात माणसाचा पाय घालायची.

अकरा वर्षांत आम्ही या यंत्रात काय काय घातलं! मेंढीची ढोपरं, कोंबडीच्या तंगड्या, बैलाचं शेपूट, आणि एकदा चुकून माझी मदतनीस सेफिना हिचा जेवणाचा डबा. (डब्यातलं लोणी फार सुंदर दिसलं.) आता माणूस.

साधा एक्स-रे म्हणजे सगळे किरण एकाच पोत्यात भरून पोतं काट्यावर टाकण्याचा प्रकार. आमचं यंत्र एकेक किरण मोजतं आणि त्याच्या ऊर्जेप्रमाणे चारांपैकी एका कप्प्यात टाकतं. कुठल्या कप्प्यातले किती किरण पायात अडकले, यावरून आत काय आहे ते रंगात दिसतं. हाडातला चुना निळा. युरिक ॲसिडचे खडे हिरवे. गाउट म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वातरोगाचे हे खडे साध्या एक्स-रेला दिसतच नाहीत, म्हणून डॉक्टर सांध्यात सुई खुपसून पाणी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमचं यंत्र चाललं की सुई गेली.

२३ ऑक्टोबरला निधी समिती बघायला येणार. पसंत पडलं तर आणखी तीन वर्षं. नाही पडलं तर यंत्राचे सुटे भाग करून गोदामात, आणि सेफिना ब्रिस्बेनला. तिथल्या नोकरीचं पत्र तिच्या खणात आहे. मला ठाऊक नाही असं तिला वाटतं. अख्खं क्राइस्टचर्च शोधलं तरी अशी पोरगी मला परत मिळायची नाही.

परवानगी दोनच पायांची आहे. एक रोग्याचा: सेफिनाचे वडील आयोआने, सुतार, वीस वर्षांचा गाउट. दुसरा निरोगी: माझा. अर्जात विचारलं होतं, ‘निरोगी असल्याची खात्री कशी केली?’ मी लिहिलं, ‘सदर व्यक्ती माझ्या पूर्ण परिचयाची आहे.’

रविवार, १३ सप्टेंबर

दोन दिवस पश्चिम किनाऱ्यावर मेव्हण्याच्या झोपडीत. व्हाइटबेटचा हंगाम सुरू झाला. नदीत जाळं धरून सहा तास उभा राहिलो तेव्हा कुठे अर्धी बादली ते काडीएवढे मासे मिळाले. अंड्यात घोळवून त्यांची धिरडी केली. मी सहा खाल्ली. मेव्हणा म्हणतो नऊ. तो मोजमापाच्या धंद्यात नाही. वर बिअर.

येताना गाडी ग्लेनिसने चालवली, कारण माझा उजवा अंगठा ठणकतोय. ही जुनी रग्बीची दुखापत. १९८९ साली एक दोनशे पौंडांचा गडी माझ्या पायावर उभा राहिला होता.

ग्लेनिस म्हणाली, “तो डावा पाय होता, मर्व्ह.”

बायकोला नवऱ्याचे पाय नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, असं तिचं मत आहे.

बुधवार, १६ सप्टेंबर

माझा पाय यंत्रात गेला. भोकात पाय घालून वीस मिनिटं पुतळ्यासारखा बसलो. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटला होता, डोकं नुसतं भणभणत होतं, पण मी हललो नाही.

चित्र तयार झालं. सेफिना पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मर्व्ह, तुम्ही जरा इकडे या.”

हाडं निळी, अगदी हवी तशी. आणि अंगठ्याच्या मुळाशी हिरवा रंग. ठिपका नव्हे, बचकभर. बाकी बोटांतही शिंतोडे.

मी म्हटलं, “यंत्र चुकतंय.”

ती म्हणाली, “हो का?”

“निरोगी पायात खडे दाखवतंय म्हणजे दुसरं काय? नखं आणि जाड कातडी कधीकधी हिरवी दिसतात, हे जगात सगळ्यांना माहीत आहे.”

“नखं वर आहेत. हे आत आहे.”

“माझी कातडी जाड आहे.”

ग्लेनिसला हे सांगितलं, तर ती खोकल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली.

गुरुवार, २४ सप्टेंबर

आठवडाभर यंत्र उलटंपालटं केलं. किरण मोजणाऱ्या स्फटिकाचं तापमान स्थिर. कप्पे बरोबर. तपासणीचा ठोकळाही नीट दिसतो. या प्लास्टिकच्या ठोकळ्यात आत काय आहे ते पक्कं माहीत असलेल्या नळ्या बसवल्या आहेत. चुन्याच्या नळ्या निळ्या येतात, युरिक ॲसिडच्या हिरव्या. फक्त माझ्या पायापाशी आलं की यंत्राचं डोकं फिरतं.

सेफिनाने सुचवलं, “मर्व्ह, एकदा रक्त तपासून घ्या ना. पाच मिनिटांचं काम.”

मी तिला समजावलं की मोजपट्टी वाकडी असली तर पट्टी बदलतात, टेबल तपासायला पाठवत नाहीत. तिला पटलं असावं. लगेच कामाला लागली.

आज चहाला मार्माइट, म्हणजे यीस्टचं खारट चाटण, लावलेले टोस्ट. पाच खाल्ले. काम फार झालं की भूक लागते.

गुरुवार, १ ऑक्टोबर

सापडलं! चुना कुठे संपतो आणि युरिक ॲसिड कुठे सुरू होतं, ही हिशेबातली रेषा आम्ही फार सढळ हाताने आखली होती. मी ती थोडी सरकवली. मग आणखी थोडी. पाचव्या खेपेला माझा पाय स्वच्छ झाला. एकही हिरवा ठिपका नाही. इतका देखणा पाय मी जन्मात पाहिला नाही.

सेफिना म्हणाली, “मर्व्ह, ठोकळ्यातली नळीसुद्धा गेली हो.”

“कुठली?”

“युरिक ॲसिडची. एक नाही, तिन्ही.”

“शिळ्या झाल्या असतील.”

“मागच्या महिन्यात तुम्हीच भरल्यात.”

“मग त्या महिन्याचा माल खराब.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं. जुनी रेषा पुसू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, “राहू दे ना, जागा थोडीच खाते?” तरुण लोकांना काही टाकवत नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आयोआने आले. दरवाजातून वाकूनच आत आले, इतका मोठा माणूस. हातात काठी. मला बघून पहिलं वाक्य: “काय रे डॉक्टर, तूही लंगडतोस?”

मी सांगितलं की मी भौतिकशास्त्राचा डॉक्टर आहे, आणि ही रग्बीची दुखापत आहे.

“मला पण पहिली पाच वर्षं रग्बीचीच होती,” ते म्हणाले आणि इतके हसले की स्फटिकाचं तापमान हललं असेल.

त्यांचा पाय वीस मिनिटं आत. चित्र आलं. माझ्या नव्या रेषेप्रमाणे त्यांचा पाय कोरा करकरीत.

आयोआनेंनी पडद्याकडे बघितलं, मग पायाकडे, मग लेकीकडे. “म्हणजे मला काही झालेलं नाही? मग वीस वर्षं मी बोंबलतोय कशाला?”

माझी खरंच पंचाईत झाली. पण मी विज्ञानाचा माणूस. यंत्र आता नीट लावलेलं आहे, ते जे सांगतं ते सांगणं भाग. मी म्हटलं, “आयोआने, तुम्हाला बहुधा गाउट नाही. इस्पितळात कागदांची अदलाबदल झाली असेल.”

सेफिना म्हणाली, “बाबा, यांचं काही ऐकू नका.”

पण आयोआनेंचा चेहरा उजळला होता. “म्हणजे शिंपले चालतील?”

मी म्हटलं, “माझ्या मते काही हरकत नाही.”

“पोरी, हा डॉक्टर मला आवडला.”

सेफिना त्यांना गाडीपर्यंत सोडून परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “मर्व्ह, दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर माझ्या बाबांना गाउट नाही. नाही तर तुम्हाला आहे.” आवाज अगदी शांत. मी म्हटलं, विज्ञानात दोनच गोष्टी कधीच शक्य नसतात. तिसरी शोधायला हवी.

तिसरी अजून सापडलेली नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर

दुपारी सेफिनाचा फोन. आयोआनेंनी काल हिरव्या कडांच्या शिंपल्यांचं पातेलंच्या पातेलं फस्त केलं, गोळ्याही घेतल्या नाहीत, आणि आज पायाचा भोपळा झाला. चर्चमध्ये जाता आलं नाही. गेली तीस वर्षं ते चर्चच्या गाण्यात खालचा सूर लावतात. आज त्यांच्याशिवाय गाणं झालं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच सांगितलं की ब्रिस्बेनच्या लोकांना शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. ग्लेनिसने किडनीचं सारण भरलेलं पॅटिस केलं होतं, ते मात्र थोडं घेतलं.

सोमवार, १९ ऑक्टोबर

आयोआनेंची माफी मागायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून फ्रीजरमधलं व्हाइटबेट नेलं, चांगलं अर्धा किलो.

ते आरामखुर्चीत होते, पाय उशीवर. पिशवीत डोकावून म्हणाले, “तू मला मारायलाच निघालास काय रे? याच्यात शिंपल्यांपेक्षा जास्त विष आहे. माझ्या डॉक्टरने पहिली बंदी यावर घातली होती.”

मी म्हटलं, “असेल. मी दर आठवड्याला खातो, मला तर काही होत नाही.”

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, “बूट काढ.”

“काय?”

“उजवा बूट काढ रे. माझ्या घरात आलायस, काढायचाच असतो.”

काढला. पायमोजाही काढायला लावला. माझा पाय त्यांनी आपल्या उशीवर, आपल्या पायाशेजारी ठेवून घेतला. दोन्ही अंगठे लाल, दोन्ही तुकतुकीत, दोन्ही बाहेरच्या बाजूला वळलेले. एका आईच्या पोटची भावंडं असावीत तसे दिसत होते.

“रग्बी,” आयोआने म्हणाले, आणि हसता हसता कळ लागून ओरडले.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे. लाल रंगाची पुष्कळ छपरं असतात, घरं निराळी.

बुधवार, २१ ऑक्टोबर

सकाळी जाग आली ती पायावर कुणी निखारा ठेवल्यासारखी. चादरीचं वजन सहन होईना. ग्लेनिस कपाटापर्यंत चालत गेली, तर तिच्या प्रत्येक पावलागणिक फळ्या हलून माझ्या अंगठ्यात शिणका येत होत्या. मी ओरडलो, “चालू नकोस! कुणी चालू नका!”

घरात आम्ही दोघंच आहोत.

ती पलंगाच्या टोकाशी उभी राहिली. “मर्व्ह, तुला आठवतं, हे वाक्य कुणाचं?”

आठवतं. माझ्या बापाचं. जेराल्डिन गावच्या शेतघरात तो स्टुलावर पाय टाकून बसायचा आणि आम्ही पोरं चवड्यांवर चालायचो. गावातले लोक आमचं आडनाव घेऊन हसायचे: टास्करने ढोसली, टास्करने हादडलं, म्हणून पाय सुजला. शाळेतही पोरं चिडवायची आणि मीही त्यांच्यात मिळून हसायचो. बापाच्या दुखण्यावर हसलो आणि मनात ठरवलं की माझं असं होणार नाही. बस, एवढंच ठरवलं. आणि ते खरं धरून चालत आलो.

मधमाशी चावली असण्याचीही शक्यता आहे.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

मधमाशी नाही.

खुर्चीत बसून दिवसभर हिशेब केला. माझा पाय निरोगी असेल तर यंत्र खोटं, अकरा वर्षं फुकट. यंत्र खरं असेल तर मी खोटा. तीन आठवडे मी एका चांगल्या यंत्राला खोटं बोलायला शिकवतोय आणि त्यापायी एका भल्या माणसाला शिंपले खायला घातले. दोन्हीतलं काय परवडेल, असं विचारलं तर उत्तर सरळ आहे. पण उद्या समितीसमोर जुनी रेषा लावायची म्हणजे पडद्यावर माझा हिरवा पाय येणार, आणि अर्जात माझ्याच सहीने लिहिलंय की तो निरोगी आहे. ते म्हणणार, हे यंत्र धडधाकट माणसाला रोगी ठरवतं. मी नुसतं ‘नाही हो, मी आजारी आहे’ म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? यंत्र वाचवायला कुणीही असं म्हणेल.

भीती वाटतेय. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाटली नव्हती असं म्हणता येणार नाही.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

एका पायात बूट आणि एका पायात ग्लेनिसची गुलाबी सपात, असा समितीपुढे गेलो. पाच जण. त्यात याच इस्पितळातल्या सांधेरोगाच्या डॉ. मोरॅग हाल्डेन. नजर अशी की समोरचा आपोआप ताठ बसतो. आयोआनेही काठी टेकत आले होते. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, “माझा पाय आहे, मला बघायचाय.”

सेफिनाने मला हळूच विचारलं, “कुठली रेषा लावू?”

मी म्हटलं, “जुनी.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. आयोआनेंचा पाय पडद्यावर आला. निळ्या हाडांत हिरवे खडे, नक्षी काढल्यासारखे स्पष्ट. आयोआने एवढ्याने ओरडले, “ते बघा! सांगत नव्हतो?” वीस वर्षांचं दुखणं पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसल्यावर त्या माणसाचे डोळे भरून आले. समितीतले लोक पुढे वाकले.

मग माझा पाय आला. जास्तच हिरवा.

डॉ. हाल्डेन म्हणाल्या, “हा निरोगी पाय ना?”

मी उभा राहिलो. ते महागात पडलं. मी म्हटलं, “बाई, अर्जात तसं मी लिहिलं, कारण मला तसं वाटायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून यंत्र खरं सांगतंय. मी ऐकत नव्हतो. उलट त्याचा हिशेब बिघडवला. आयोआनेला झालेला त्रास माझ्यामुळे झाला. या मुलीने मला तीनदा सांगितलं.”

“चारदा,” सेफिना म्हणाली.

डॉ. हाल्डेन म्हणाल्या, “कबुली छान आहे. पुरावा?”

मी सपात काढून पाय दाखवला.

“सूज म्हणजे पुरावा नाही. सूज कशानेही येते.” हे तर माझंच तत्त्वज्ञान! “माझी खोली या बोळाच्या टोकाला आहे. सूक्ष्मदर्शक आहे. सुई आहे. तुमची तयारी?”

ज्या सुईतून लोकांची सुटका व्हावी म्हणून अकरा वर्षं घालवली ती सुई! सेफिना खाली बघत होती. दुपारपर्यंत तिला ब्रिस्बेनला कळवायचं होतं.

मी म्हटलं, “टोचा.”

अख्खी समिती बोळातून माझ्यामागे आली. डॉ. हाल्डेननी आमचं चित्र शेजारी लावून घेतलं, हिरव्या डागाची जागा बोटाने मोजली आणि बरोबर तिथेच सुई घातली. मी जे ओरडलो ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणतात. आयोआनेने माझा हात धरला होता. हातही मोडला असं वाटलं.

त्या काचेवर थेंब ठेवून वाकल्या. वेळ जाता जाईना. मान वर न करताच म्हणाल्या, “खच्चून भरलेत. सुयाच सुया. एवढे स्फटिक मी वर्षात पाहिले नाहीत.”

मी दोन्ही हात वर करून असा ओरडलो, जसा १९८९ सालीही ओरडलो नव्हतो. आजारी ठरल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. सेफिना रडत होती आणि हसत होती. समितीचे अध्यक्ष म्हणाले, पत्र रीतसर येईल, पण यंत्र गोदामात जाणार नाही. मला त्यांनी बजावलं की यापुढे निरोगी माणूस डॉक्टरांनी निवडायचा.

ब्रिस्बेनला सेफिनाने माझ्यासमोरच फोन केला.

सोमवार, २६ ऑक्टोबर. कामगार दिनाची सुट्टी

आयोआनेकडे जेवायला. ग्लेनिस आणि मी. पाहुण्यांची पानं पोर्कने आणि शिंपल्यांनी भरली. आम्हा दोघांच्या पानांत नारळाच्या रसातला टारोचा कंद आणि पाण्याचा तांब्या. दोघांच्या गोळ्याही आता एकाच रंगाच्या आहेत. ग्लेनिसने यजमानीणबाईंना माझ्या सहा धिरड्यांची गोष्ट सांगितली आणि आकडा नऊ सांगितला. मी मान डोलावली.

सेफिनाने दोन्ही पायांची चित्रं मोठी छापून आणली होती. जेवण झाल्यावर आयोआनेने चष्मा लावला, चित्रं शेजारी शेजारी मांडली आणि बोट ठेवून ठेवून हिरवे ठिपके मोजायला बसला. त्याचे निघाले नऊ. माझे चौदा.

त्याने पुन्हा मोजले. तेवढेच निघाले. वीस वर्षं कळा सोसल्या त्याने, आणि पहिला नंबर माझा, हे काही त्याच्या गळी उतरेना. चष्मा काढून त्याने पुसला.

“हे काही खरं नाही,” तो म्हणाला. “तुझं यंत्र चुकतंय.”

मी म्हटलं, “आयोआने, यंत्र चुकत नाही.”

“दुसरा पाय कुठे बघितलायस तू अजून?” असं म्हणून तो खाली वाकला आणि डावा पायमोजा काढायला लागला.